शाळा भरताना आणि सुटताना मैदानात चाक हलू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी होणाऱ्या वाहतूक कोंडीविषयी आपल्या दैनिकात वाचकांची पत्रे अधूनमधून प्रसिद्ध होतात. त्यांतली बहुतेक पत्रे फाटकाबाहेर अडकून पडलेल्या वाहनचालकांची असतात. मला त्याच अर्ध्या तासाविषयी, परंतु फाटकाच्या आतल्या बाजूविषयी लिहावयाचे आहे. आत कोंडी होत नाही, हॉर्न वाजत नाहीत, कोणाला कामावर उशीर होत नाही, आणि म्हणून तिथल्या धोक्याबद्दल कोणी तक्रारही करीत नाही.

माझी नात पुण्याच्या एका उपनगरातील शाळेत दुसरीत शिकते. शाळा दोन सत्रांत भरते. माध्यमिक विभाग साडेबाराला सुटतो आणि प्राथमिक विभाग पावणेएकला भरतो. या मधल्या पंधरा मिनिटांत घरी निघालेली मोठी मुले, शाळेत येणारी लहान मुले, दोन बस, सात-आठ व्हॅन, तितक्याच रिक्षा आणि ‘फक्त दप्तर द्यायला’ आत शिरलेले पालक हे सगळे एकाच मैदानात असतात. मी रोज नातीला सोडायला जातो आणि निवृत्त माणसाला घाई नसल्यामुळे फाटकापाशी थोडा वेळ थांबतो.

गेल्या ऑगस्टमधील एका मंगळवारी पाऊस नुकताच उघडला होता. व्हॅनमधून उतरलेल्या पहिलीतल्या एका मुलाच्या हातून पाण्याची बाटली निसटली आणि घरंगळत त्याच व्हॅनच्या मागे गेली. तो ती उचलायला वाकला आणि त्याच क्षणी व्हॅनच्या काकांनी, सगळी मुले उतरून वर्गाकडे गेली असे समजून, गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. शाळेच्या सुरक्षारक्षकाने धावत येऊन व्हॅनच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारल्या, तेव्हा गाडी थांबली. मुलगा घाबरून बाजूला सरकला होता; बाटली मात्र चाकाखाली गेली. सुरक्षारक्षकाने ती नंतर मला दाखवली. निळ्या प्लॅस्टिकवर टायरची नक्षी उमटली होती, आणि आईने झाकणाला बांधलेला दोरा तेवढा शाबूत होता. काका खाली उतरले, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. घरी जाताना नातीने मला विचारले, ‘‘आजोबा, काकांना तो दिसला कसा नाही?’’

तो त्यांना दिसणे शक्यच नव्हते, हे मला इथे आवर्जून सांगावेसे वाटते, कारण अशा प्रसंगानंतर सगळा दोष चालकाच्या बेपर्वाईवर टाकून मोकळे होण्याची आपली रीत आहे. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ सेंटिमीटर असते. ते वाकले की त्याचे डोके व्हॅनच्या मागच्या काचेच्या खालच्या कडेपेक्षाही खाली जाते. बाजूच्या आरशांत गाडीच्या दोन्ही अंगांचे दिसते, थेट पाठीमागचे दिसत नाही, आणि आतल्या आरशात मागच्या सीटवर राहिलेली दप्तरे दिसतात. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे घेताना सूचना देणारे सेन्सर बसवणे सक्तीचे झाले आहे, परंतु शाळांच्या फाटकांवर उभ्या असलेल्या अनेक व्हॅन त्याआधीच्या आहेत. हे काका कित्येक वर्षे या शाळेत मुले आणतात, प्रत्येकाला नावाने ओळखतात, कोणाला गाडी लागते आणि कोणाची आई उशिरा येते हेही त्यांना पाठ असते. माणूस चांगला असूनही अपघात होऊ शकेल अशी व्यवस्था आपण त्या मैदानात करून ठेवली आहे, ही माझी तक्रार आहे.

मी एसटीत चौतीस वर्षे नोकरी केली आणि शेवटची काही वर्षे एका आगारात वाहतूक नियंत्रक होतो. ज्यांनी बसस्थानक नीट पाहिले असेल त्यांना ठाऊक असेल की एसटी फलाटाला तोंडाने लागते आणि निघताना मागे येते. म्हणजे दर फेरीला एक अवजड वाहन माणसांच्या दिशेने उलटे सरकते. म्हणूनच गाडी मागे घेताना वाहकाने खाली उतरायचे, चालकाला आरशात दिसेल अशा जागी उभे राहायचे आणि शिट्टी द्यायची, शिट्टी थांबली की गाडी थांबली पाहिजे, असा आमचा दंडक होता. तो मोडणाऱ्याला बोलणी बसत, आणि ती मीही पूर्वी खाल्ली आहेत. आगाराच्या आवारात अनुभवी, मोठी माणसे वावरत असताना आम्ही ही काळजी घेत होतो. शाळेच्या मैदानात सहा-सात वर्षांची मुले वावरतात आणि तिथे मागे घेतल्या जाणाऱ्या गाडीच्या पाठीशी कोणीही उभे नसते.

शाळेच्या वाहतुकीविषयी आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. दिल्लीत नोव्हेंबर १९९७ मध्ये वजिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळून २८ मुले दगावली, आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या बससंबंधी निर्देश दिले. आज बसच्या खिडक्यांना दिसणारे आडवे गज, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, बसवर लिहिलेले शाळेचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक या गोष्टी तिथून रुळल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१२ मध्ये, नागपुरात एक लहान विद्यार्थी स्कूल बसखाली येऊन मरण पावला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेऊन हा विषय जनहित याचिका म्हणून हाती घेतला. या सगळ्यातून बस पुष्कळ सुधारली, याबद्दल वाद नाही. मात्र हे बहुतेक नियम मूल गाडीच्या आत असतानाचे आहेत. मूल पायरीवरून जमिनीवर पाऊल ठेवते तिथून ते वर्गाच्या दारात पोहोचते तिथपर्यंतचे पन्नास-साठ मीटर कोणाच्या हिशेबात आहेत, हे शोधायला गेलो तर मला उत्तर मिळाले नाही. चौकातल्या वाहतूक हवालदारांना विचारले तर ते म्हणाले, ‘‘फाटकाच्या आत शाळेची जबाबदारी, काका, आम्ही रस्त्यावर.’’ शाळेच्या कार्यालयात विचारले तर वाहनाचा विषय म्हणजे पोलिसांचा आणि आरटीओचा, असे सांगण्यात आले.

वास्तविक २०११ च्या त्याच नियमांत याचे उत्तर आहे. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली एक परिवहन समिती असावी आणि तीत पालक-शिक्षक संघाचा, पोलिसांचा, मोटार वाहन विभागाचा, शिक्षण विभागाचा, स्थानिक स्वराज्य संस्थेचा आणि बस पुरवणाऱ्यांचा प्रतिनिधी असावा, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवणारे हे सगळे लोक एका टेबलाभोवती बसवण्याची सोय शासनाने केव्हाच करून ठेवली आहे. अनेक शाळांत ही समिती कागदोपत्री असते. तिच्या सदस्यांची नावे फलकावर लिहिलेली असतात आणि त्या फलकावरील पोलीस निरीक्षक कधीचेच बदलून गेलेले असतात. या समितीने मैदान एकदा सुटीच्या दिवशी आणि एकदा साडेबाराच्या ठोक्याला नुसते उभे राहून पाहिले, तरी अर्धे काम होईल असे माझे मत आहे.

आता पालकांविषयी. व्हॅन आणि रिक्षावाल्यांवर टीका करणे सोपे असते, कारण रिक्षात मागच्या सीटसमोर टाकलेली फळी आणि बाहेर लटकणारी दप्तरे सर्वांना दिसतात, आणि ती टीका अस्थानीही नाही. परंतु मी महिनाभर फाटकापाशी उभा राहून जे पाहिले त्यावरून सांगतो की मैदानातली सर्वांत बेभरवशाची वाहने आम्हा पालकांची असतात. व्हॅनची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, उतरणारी मुलेही ठरलेली. पालक मात्र कुठूनही शिरतो, जिथे मुलाला उतरायला सोयीचे तिथे थांबतो आणि एका मुलासाठी आणलेली मोटार वळवायला तीन वेळा मागे-पुढे करतो. पाऊस असला तर वर्गाच्या पायरीपर्यंत गाडी नेणे हा तर हक्कच समजला जातो. आपल्या मुलाचे चार थेंब वाचवताना आपण दुसऱ्याच्या मुलाच्या दिशेने गाडी मागे घेतो आहोत, हे ध्यानात येत नाही. मीही पहिले काही दिवस माझी दुचाकी आत नेत असे, हे कबूल करायला हवे. नातीच्या डोक्यावर तेव्हा हेल्मेटही नव्हते. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट लागते हे मोटार वाहन कायद्यातच आहे, आणि चार वर्षांखालील मुलांसाठी हेल्मेट, पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. पण ‘शाळा जवळच तर आहे’ या एका वाक्यापुढे सगळे नियम हात टेकतात.

मोठ्या मुलांच्या दुचाक्यांबद्दल एवढेच म्हणेन की अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे ज्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लावलेले आहे, त्यांच्याच आवारातल्या वाहनतळावर परवाना नसलेल्या मुलांच्या गाड्या ओळीने उभ्या असतात.

फाटकाबाहेरच्या रस्त्याचा विचार केल्याशिवाय आतला विषय पुरा होत नाही, कारण गाड्या आत येऊ द्यायच्या नाहीत असे ठरवले तर मुले बाहेर उतरणार. इथे वेगाचा हिशेब महत्त्वाचा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे जाते, ताशी ३० ची सुमारे सव्वाआठ मीटर. समोर मूल दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगातली गाडी साधारण तेरा-चौदा मीटरमध्ये पूर्ण थांबते. आणि तेवढ्याच अंतरावर ५० च्या वेगातल्या गाडीचा ब्रेक नुकता लागू लागलेला असतो. माणसे आणि वाहने जिथे नेहमी मिसळतात तिथे ताशी ३० ची कमाल मर्यादा असावी, असे रस्ता सुरक्षेविषयीच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे, ते याच हिशेबामुळे. आपल्याकडे शाळेजवळ वेग कमी करायचा म्हटले की रातोरात डांबराचा एक उंचवटा घातला जातो, त्यावर पांढरे पट्टे नसतात आणि त्याने पाठीचे मणके हलतात. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार चढ-उताराचा असायला हवा. इतका रुंद असला म्हणजे गाडी आदळत नाही, फक्त हळू होते. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, ते शाळांच्या दोन्ही बाजूंच्या शंभर मीटरपुरते जरी अमलात आणले, पदपथावरची वाहने आणि टपऱ्या हलवल्या, तरी पुष्कळ साधेल. मुंबईत भायखळ्याच्या एका शाळेबाहेर महापालिकेने मुलांसाठी सुरक्षित जागा आखून पाहिली आहे. इटलीतील बोल्झानो शहरात १९८९ पासून शाळा भरताना आणि सुटताना शाळेसमोरचा रस्ताच थोडा वेळ वाहनांना बंद ठेवतात. आमच्या शाळेसमोरचा रस्ता बसमार्ग आहे, त्यामुळे तो बंद करणे व्यवहार्य नाही, हे मी जाणतो. पण मैदान तर बसमार्ग नाही!

आणखी एक गोष्ट अलीकडे बदलली आहे. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतरच भरवावेत असा निर्णय घेतला. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू योग्यच आहे आणि आजोबा म्हणून मी त्याचे स्वागत करतो. मात्र सकाळी सातला रिकाम्या रस्त्यावरून येणारी लहान मुले अनेक शाळांत आता कार्यालयांच्या गर्दीतून येऊ लागली, बसच्या दोन फेऱ्यांमधले अंतर कमी झाले, आणि चालकांची घाई वाढली. वेळ बदलताना फाटकाचे काय करायचे, याचा विचारही त्याच परिपत्रकाबरोबर व्हायला हवा होता.

आम्ही काही ज्येष्ठ नागरिकांनी फाटकासमोर उभे राहून मुलांना रस्ता ओलांडायला मदत करण्याची तयारी दाखवली होती. पहिल्याच दिवशी एका मोटारचालकाने काच खाली करून ‘‘तुम्हाला गाड्या थांबवायचा अधिकार कोणी दिला?’’ असे विचारले, आणि त्याचे बोलणे उद्धट असले तरी खोटे नव्हते. ब्रिटनमध्ये शाळेसमोर गोल पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांना वाहन थांबवण्याचा अधिकार १९५३ मध्येच स्वतंत्र कायद्याने दिला गेला. आपल्याकडे पोलिसांनी नेमलेले वाहतूक वॉर्डन असतात. शाळांनी नावे सुचवावीत आणि पोलिसांनी थोडे प्रशिक्षण देऊन त्यांना ओळखपत्र व जॅकेट द्यावे, असे झाले तर आमच्यासारख्या रिकाम्या माणसांच्या शिट्टीला वजन येईल. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात मुलांकडून चित्रे काढून घेण्यापेक्षा हे जास्त उपयोगी आहे. गेल्या वेळी बक्षीस मिळालेल्या चित्रात ठळक झेब्रा पट्टे होते. चित्र काढणारी मुलगी ज्या फाटकातून रोज बाहेर पडते, तिथले पट्टे मात्र दोन पावसाळ्यांपूर्वीच पुसले गेले आहेत.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांत १८ वर्षांखालील ९,५२८ होती. म्हणजे रोज सव्वीस, आणि दर दोन दिवसांनी एक भरलेला वर्ग. हे आकडे पालक सभेत वाचून दाखवले तेव्हा सर्वांनी हळहळ व्यक्त केली आणि पुढचा विषय स्नेहसंमेलनाचा निघाला. मला वाटते, आकड्यांपेक्षा मैदानातली ती चपटी बाटली दाखवली असती तर बरे झाले असते.

माझे म्हणणे थोडक्यात मांडता येईल. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या आगेमागे ठरावीक मिनिटे मैदानात एकही चाक हलू नये. बस आणि व्हॅन त्याआधी रिकाम्या मैदानात येऊन, तोंड फाटकाकडे करून उभ्या राहाव्यात, म्हणजे मुले असताना गाडी मागे घेण्याचा प्रसंगच येणार नाही. किल्ल्या चालकांच्या खिशात असाव्यात. घंटा झाल्यावर मुले चढली, शेवटच्या शिक्षकाने हात वर केला आणि सुरक्षारक्षकाने साखळी काढली की गाड्या एकामागून एक निघाव्यात. पायी येणाऱ्यांसाठी मोठ्या फाटकातला दिंडी दरवाजा वापरावा. बहुतेक जुन्या शाळांच्या फाटकांना तो असतो आणि बहुतेक ठिकाणी त्याला गंजलेले कुलूप असते. पालकांनी गाडी शंभर-दीडशे मीटर अलीकडे लावून मुलाबरोबर चालत यावे. पहिली-दुसरीचे वर्ग दहा मिनिटे आधी सोडावेत. यातल्या कशालाही निविदा लागत नाही.

आमच्या मुख्याध्यापिकांना मी याचे श्रेय दिले पाहिजे की ऑगस्टमधल्या त्या प्रसंगानंतर त्यांनी माझे हे म्हणणे ऐकून घेतले आणि दोन आठवडे प्रयोग करू दिला. फाटकाच्या आत एक साखळी लावण्यात आली. पहिल्या दिवशी पालकांनी बरीच कुरकुर केली, एकाने तर साखळी स्वतःच्या हाताने काढली. चौथ्या दिवसापासून लोक आपणहून कोपऱ्यावर गाड्या लावू लागले. व्हॅनच्या काकांची मुख्य शंका पुढची फेरी चुकण्याची होती, म्हणून मी रोज मनगटावरच्या घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवली. त्यांना पूर्वीपेक्षा सात ते नऊ मिनिटे जास्त लागली. ज्यांच्या व्हॅनच्या चाकाखाली बाटली गेली होती त्याच काकांनी बाकीच्यांना समजावले की एवढा वेळ परवडतो. नंतर सहामाही परीक्षा आली, वेळापत्रक बदलले, तो सुरक्षारक्षक दुसरीकडे गेला, आणि नव्या माणसाला कोणी काही सांगितले नाही.

सध्या ती साखळी सुरक्षारक्षकाच्या खोलीत खुंटीला टांगलेली आहे. ती पुन्हा लावावी आणि त्याचा निर्णय परिवहन समितीच्या बैठकीत इतिवृत्तात नोंदवून व्हावा, म्हणजे माणसे बदलली तरी तो टिकेल, असा अर्ज आम्ही एकतीस पालकांच्या सह्यांनी शाळेकडे दिला आहे आणि त्याची प्रत वाहतूक शाखा व प्रादेशिक परिवहन कार्यालयाला पाठवली आहे. पोहोच मिळाली आहे. बैठकीची तारीख अद्याप कळलेली नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या मुलांच्या शाळेत अशी समिती प्रत्यक्ष बसते, त्यांनी ती कशी चालते हे आपल्या दैनिकातून कळवल्यास आम्हाला त्या बैठकीत उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, पुणे